गाडीच्या चाकांखालची सोळा चाकं

माझे मोठे साडू धुळ्याला राहतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. त्यांचा एकच दोष. माझ्याकडे जे नाही ते त्यांच्याकडे असतं, आणि माझ्याकडे जे असतं ते त्यांच्याकडे त्याहून मोठं असतं. मी कूलर घेतला की धुळ्यात एसी लागतो. माझ्या दाराशी मोगरा फुलला की त्यांच्या दारातल्या मोगऱ्याचा वास, बायको म्हणते, पारोळ्यापर्यंत येतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी रसाच्या जेवणाला बोलावलं. जेवून अंगाचा अजगर झाला होता, तरी मला हाताला धरून ते गॅरेजमध्ये घेऊन गेले. "चला भाऊ, गंमत दाखवतो."

गाडी दारातच उभी होती. तिच्या प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी रूळ असे बिलगले होते, जसं खोडकर पोराला दोन मामांनी बखोटीला धरावं. रुळांच्या चौकटीखाली चार कोपऱ्यांना चार छोटी चाकं, कुठल्याही दिशेला गरकन फिरणारी. साडूंनी पायानं पेडल दाबला. खट, खट, खट. दोन्ही रूळ जवळ आले आणि गाडीचं चाक जमिनीवरून अलगद उचललं गेलं. चारही चाकांचं असं झाल्यावर त्यांनी करंगळीशेजारचं बोट पुढे केलं, अंगठीचं बोट, अंगठीसकट, आणि गाडीच्या कुशीला टेकवलं.

गाडी आडवी सरकली! पुढे नाही, मागे नाही, आडवी. पाटावर बसलेली नवरी सरकून नवऱ्याला जागा देते तशी भिंतीकडे सरकत गेली आणि आरसा भिंतीला टेकायच्या आत थांबली. शेजारी एवढी जागा मोकळी झाली की तिथे लग्नाची पंगत बसली असती, वर वाढप्यांना धावायला वाट उरली असती.

"हाई देखा भाऊ," साडू म्हणाले. खूश झाले की ते अहिराणीत शिरतात. "एक बोट! बठ्ठी गाडी एक बोटवर चालस!"

"छान आहे," मी म्हणालो. माझ्या पोटात तेव्हा रस होता, पण तो आंब्याचा राहिला नव्हता.

ही जागा कशासाठी, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, गाडी सावद्याला आहे. पांढरी, फुगीर, बसलेल्या म्हशीसारखी ऐसपैस. तिचा हॉर्न असा की सावद्यात वाजवला तर फैजपूरची कुत्री उठून बसायची. आबांच्या दोन्ही मुली त्याच गाडीतून सासरी गेल्या. माझी बायको मागच्या सीटवर बसून इतकी रडली की मधल्या गावात गाडी थांबवून पायपुसणी पिळावी लागली. मी शेजारी बसून तिचं सांत्वन करायचं सोडून गाडीचा डॅशबोर्ड बघत होतो. त्या दिवशी मला दोन गोष्टी आवडल्या. एक घरी आली. दुसरी सावद्याला परत गेली.

आता आबांच्या मुलाला गाडीची शेड केळीच्या पॅकिंगसाठी हवी होती. आबांनी त्याआधीच दोन्ही जावयांना फोन करून एकच अट घातली होती. "ज्याच्या घरी तिले छप्पर, त्याची गाडी. उनात उभी राह्यली त माह्या जिवाले ऊन लागते."

माझं घर जळगावच्या पिंप्राळ्यात. पोर्च एका गाडीपुरता लांब आणि सव्वादोन गाड्यांइतका रुंद. माझी गाडी मधोमध उभी राहते, कारण दार उघडून माणसाला बाहेर पडावं लागतं. ती भिंतीला चिकटवली तर आबांची गाडी आत येते, पण मग मी खिडकीतून बाहेर यायचं. एकच उपाय होता. मी बाहेर उतरायचं आणि मग गाडी आडवी सरकवायची.

म्हणजे साडूंसारखं करायचं. तेच तर जमत नव्हतं! त्यांच्यासारखं करायचं होतं, पण त्यांच्यासारखं केलं असं कोणी म्हणायला नको होतं.

जळगावला आल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालकाला म्हणालो, गाडीच्या चाकांखाली लावायची चाकं हवीत.

"गाडीला चाकं नाहीत का?"

"आहेत."

"मग चाकांना चाकं कशाला, भाऊ?"

हाच प्रश्न मला पुढे रिक्षावाल्यानं, शेजाऱ्यानं, दूधवाल्यानं आणि आमच्या गल्लीतल्या गायीनंसुद्धा विचारला. ती फक्त बोलली नाही. पण दुकानदाराला समजल्यावर तो एकदम उत्साहात आला. अशा वस्तूला डॉली म्हणतात म्हणाला, आणि समोर माल मांडला. एक प्रकार पेडलचा, साडूंकडे होता तसा. दुसरा साधा, जाड पत्र्याची खोलगट थाळी. जॅकनं गाडी उचलायची, थाळी चाकाखाली सारायची, जॅक सोडायचा, की चाक थाळीत मांडी घालून बसतं. थाळीखालच्या छोट्या चाकांतही तऱ्हा. रबराची, नायलॉनची, लोखंडाची. ब्रेकची, बिनब्रेकची.

शहाणा माणूस आधी गाडीचं वजन बघतो, टायरची रुंदी बघतो, मग फरशी बघतो. मी धुळ्याकडे बघितलं. साडूंच्या डॉलीला पेडल, म्हणून मला पेडल नको. त्यांची छोटी चाकं लाल आणि मऊ, म्हणून मला लोखंडी, रेल्वेच्या इंजिनाची शोभतील अशी. त्यांच्या चाकांना ब्रेक होते. ब्रेक म्हणजे भित्र्या माणसाची खूण. बिनब्रेकची द्या.

"फरशी कशी आहे भाऊ?" दुकानदारानं विचारलं. "सपाट आहे ना?"

"आरशासारखी," मी म्हणालो. आरसासुद्धा लोक भिंतीवर थोडा तिरका टांगतात, हे तेव्हा सुचलं नाही.

त्या चार थाळ्या इतक्या वजनदार होत्या की रिक्षात मागे ठेवल्यावर रिक्षाचं पुढचं चाक हवेत उठलं. पिंप्राळ्यापर्यंत आम्ही घोड्यावरून आल्यासारखे आलो. मला मात्र तो आनंदाचा प्रवास वाटला. साडूंच्या डॉल्या खोक्यात घालून कुरियरनं आल्या असतील. माझ्या वरातीनं आल्या.

मी आबांना लगेच फोन केला, जागा तयार आहे, गाडी घेऊनच या. आणि एक चूक केली. बायकोनं तिच्या बहिणीला फोन केला, तो थांबवला नाही.

आबा यायच्या आदल्या दिवशी मी गाडी एकेका चाकावर जॅकनं उचलून चारही थाळ्यांवर बसवली. आता शेवटचा जॅक सोडून जरा सरकवून बघावी म्हणून हात लावला, तर बायको दारातून ओरडली, "पूजा झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही!"

"अगं, नुसती ट्रायल."

"ट्रायल बिना पूजेची घ्यायला ती काय सायकल आहे? आणि लिंबं ठेवा आधी."

नव्या वाहनाच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि ते चिरडून वाहन पुढे न्यायचं, ही आपली पद्धत. चार चाकं, चार लिंबं. पण बायकोनं वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "चार कशी? जमिनीला लागणारी चाकं तर सोळा आहेत." भर उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं एकूण एक लिंबू गोळा झालं. त्या दिवशी कोणाच्याही घरी सरबत झालं नाही. शेवटचा जॅक सोडायच्या आत सोळा चाकांना सोळा लिंबं मी बाहेरच्या बाजूनं अशी घट्ट बसवली की गाडी जणू पिवळी पैंजणं घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. स्वतः चालवत आले. टपावर केळीचा घड, एवढा लांब की तो पुढे पोहोचला आणि गाडी मागून आली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना माणसं फुटली. मी त्या पांढऱ्या बॉनेटवर हात ठेवला आणि मनात म्हणालो, बाई, आता तू माझी. तेवढ्यात मागून धुळ्याची गाडी आली.

"म्हटलं, गंमत बघून यावी," साडू म्हणाले. त्यांनी माझ्या थाळ्यांकडे बघितलं. लोखंडी चाकांकडे बघितलं. ब्रेक शोधले. मग खिशात हात घालून उभे राहिले. एवढा उद्धट माणूस मी पाहिला नाही!

आबा वाकून बघत होते. "जवाईबापू, चाकाले चाकं कायले?"

"बघाच आबा."

नारळ फुटला. बायकोनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मी शर्टाची बाही वर केली आणि सगळ्यांना दिसेल असं एक बोट गाडीच्या कुशीला टेकवलं. अंगठीचं नाही, तर्जनी. गाडी हलली नाही. दोन बोटं लावली. मग पंजा, मग दोन्ही हात, मग खांदा. छोट्या चाकांपुढे लिंबू म्हणजे सातपुडा. साडूंना आपसूक ठसका लागला.

"लावा जोर!" आबांनी धोतर खोचलं. आबा, मी, शेजारी आणि दूधवाला, आम्ही चौघांनी एकदम रेटा दिला. लिंबं फुटली. सोळा पिचकाऱ्या उडाल्या. गाडी भिंतीकडे वीतभर गेली, मी "बघा!" म्हणेपर्यंत थांबली, जरा विचार केला आणि फाटकाकडे निघाली.

पोर्च धुतल्यावर पाणी आपोआप रस्त्यावर जावं म्हणून मीच गवंड्याकडून हट्टानं उतार काढून घेतला होता. आमच्याकडची धूळ अशी की रोज पोर्च धुवावा लागतो, आणि त्या उताराचं मी आल्यागेल्याला कौतुक सांगायचो. गाडीची खरी चाकं जमिनीला टेकलेली असताना तो कधी जाणवला नाही. आता ती होती थाळ्यांत मांडी घालून, हँडब्रेक लावून, ऐटीत. खालची सोळा लोखंडी चाकं मात्र लिंबाच्या रसात न्हाऊन मोकाट. ती लिंबं हाच काय तो माझ्या गाडीचा ब्रेक होता, आणि तो आम्ही चौघांनी मिळून फोडला होता.

"कथा चालनी भाऊ तुमनी गाडी?" साडू ओरडले. कुठे निघाली, असं विचारत होते.

गाडी रुबाबात, जराशी तिरकी, घरातल्या रुसलेल्या सुनेसारखी फाटकापर्यंत गेली. सरकत्या फाटकाच्या खाली जमिनीत लोखंडी खाच असते. पुढची छोटी चाकं त्या खाचेत खट्कन पडली आणि गाडी जागीच बसली. अर्धी घरात, अर्धी गल्लीत. आत कोणी येईना, बाहेर कोणी जाईना.

आणि आबांची गाडी बाहेर. जळगावचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात टपावरची केळी झाडावरून उतरल्या दिवशीच पिकायला लागली होती. आबांनी डोक्याचा पांढरा रुमाल सोडला, बॉनेटवर पसरला, आणि उघड्या डोक्यानं गाडीशेजारी उभे राहिले.

माझी थट्टा मला सोसली असती. तो रुमाल सोसवला नाही.

साडूंनी डिकी उघडली. आत त्यांच्या चारही डॉल्या.

"ह्या कशाला आणल्या होत्या?" मी विचारलं.

"म्हटलं, लागतील."

खट, खट, खट. गाडी उचलली गेली, माझ्या थाळ्या खालून निघाल्या, खाचेवर फळी पडली, आणि बायकोच्या, आबांच्या, अख्ख्या गल्लीच्या समोर त्यांनी माझी गाडी आत घातली. चढावर त्यांना दोन्ही हात लावावे लागले, हे मी नीट बघून ठेवलं आहे. मग पायानं एकेक ब्रेक दाबला. टक. टक. टक. टक. माझ्या कपाळावर कोणी खिळे ठोकतंय असं वाटलं.

आबांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, पाणी प्यायलं, आणि विचारलं, "धुयाले फरशी कशी हाये?"

"सपाट शे आबा," साडू म्हणाले. फक्त एवढंच. त्यांनी थोडी तरी फुशारकी मारायला हवी होती. मला चिडायला काही ठेवलं नाही.

गाडी संध्याकाळी धुळ्याला गेली. निघताना आबांनी मला जवळ बोलावलं. माझा चेहरा त्यांना दिसला असावा. डिकीतून त्यांनी गाडीवर घालायची जुनी झूल काढली, स्वतः शिवून घेतलेली, कोपऱ्यांना तेलाचे डाग पडलेली, आणि माझ्या हातात दिली. "हे तू ठेव बापू." आता मी तिचं काय करू? म्हैस साडूंच्या गोठ्यात, दावं माझ्या हातात.

डॉल्यांचं मात्र बायकोनं सोनं केलं. एकीवर गव्हाची कोठी आहे, एकीवर कूलर, एकीवर तुळशीचं वृंदावन, सकाळी उन्हाकडे आणि दुपारी सावलीकडे सरकतं. चौथी तिनं बहिणीला पाठवायचं म्हटलं, तेव्हा मी त्या घरात पहिल्यांदा आवाज चढवला.

गेल्या महिन्यात धुळ्याला जाणं झालं. जेवण होताच साडू उठले. "चला भाऊ." गॅरेजमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी. आबांची गाडी डॉल्यांवर, धुतलेली, पुसलेली. साडूंनी बॉनेटवर अगदी तसाच पांढरा रुमाल टाकलेला. हे मात्र मला सुचायला हवं होतं.

"लावा बोट," साडू म्हणाले. "तुम्हीच लावा आज."

मी तर्जनी टेकवली. अजून दाबलंही नव्हतं, आणि ती सरकायला लागली. फुलासारखी, माझ्याकडे बघत, जणू इतके दिवस माझीच वाट बघत होती. मी पटकन दुसरा हात लावला. मग पाय रोवले, खांदा दिला, तोंड लाल केलं, आणि कण्हलो.

"जड जाते हो फार," मी म्हणालो. "चाकांना तेल द्या."