मला काय ऐकू येत न्हाय

लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि भोवतीच्या माणसांनी बोलणं बंद करायचं. थोड्या वेळानं आमचे डिझेल मिस्त्री चाचा डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "मला काय ऐकू येत न्हाय. घेऊन जावा."

आमच्या उमरग्याच्या हायवेवर हे सर्टिफिकेट होतं. चाचांना काही ऐकू आलं नाही, म्हणजे इंजिनात ठोका नाही. ठोका नाही, म्हणजे गाडी खुशाल हैदराबादपर्यंत न्यावी. या वाक्यासाठी माणसं लातूरहून, पार बिदरहून यायची.

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून होतं, मध्ये फक्त एक पत्रा. त्यामुळं मी जे सांगतोय ते पत्र्याअलीकडून ऐकलेलं आणि पत्र्याला वळसा घालून पाहिलेलं आहे.

चाचा करायचे काय, ते आधी सांगतो. हल्लीच्या टर्बो डिझेल गाडीत डिझेल कधी आणि किती सोडायचं हे एक छोटा कम्प्युटर ठरवतो. सेन्सर त्याला बातम्या पुरवतात. एखादी बातमी चुकली, की समोर पिवळा दिवा लागतो आणि गाडी रुसते. उंदरानं वायर कुरतडली, कॅनमधल्या डिझेलात पाणी निघालं, तरी रुसते. चाचा तो सगळा थाट उतरवायचे आणि जुन्या पद्धतीचा, नुसत्या दट्ट्यांवर आणि स्प्रिंगांवर चालणारा पंप बसवायचे. टर्बोची हवा वाढली, की तीच हवा एका नळीतून पंपाला रेटायची आणि डिझेल वाढायचं. मध्ये कुणाला विचारायचं कामच नाही. सरकारी नियमात हे कितपत बसतं, हा विषय आम्ही दोघंही काढत नसू.

त्यांच्या भाषेत कम्प्युटरची गाडी शानी, आणि त्यांनी करून दिलेली येडी. "शानी गाडी रस्त्यात थांबून इचार करती," ते म्हणायचे, "येडी गुमान घरी आणून सोडती." लोक यायचे तेच मुळी "चाचा, गाडी येडी करायची हाय" असं म्हणत. एकदा नव्यानं बदलून आलेले एक बँकेचे साहेब माझ्याकडं हॉर्न दुरुस्तीला बसले होते. पत्र्यापलीकडून "नीट येडी करा, मागच्या बारीला अर्धवट झाली होती" हे ऐकून त्यांनी मला हळूच विचारलं, "इथं करणी वगैरे करतात का?"

गाडीतून उपटलेल्या वायरिंगचा गुंता चाचा माझ्या टेबलावर आणून टाकायचे. मी लिंगायत, जंगमाच्या घरातला, म्हणून मला स्वामी म्हणायचे. "घ्या स्वामी, तुमचा प्रसाद." मी वायरी जोडून पोट भरणारा आणि ते वायरी उपटून. त्यावरून आमचा रोज वाद व्हायचा आणि वाद रंगला की चहा व्हायचा. चहा चाची आणायच्या. गॅरेजच्या मागंच त्यांचं घर होतं. बाई फार हळू बोलायच्या. दारात येऊन काहीतरी पुटपुटायच्या आणि चाचा इंजिनाच्या धडधडीतही मान वर करायचे.

मग केव्हातरी चाचांनी स्क्रू ड्रायव्हरनं ऐकायची तऱ्हा बदलली. मूठ कानाला लावायच्या ऐवजी ते ती दातात धरू लागले. डोळे मिटायचे, मूठ चावायची, मान डोलवायची. लोकांना वाटलं, ही पुढची पायरी आहे. महिन्याभरात हायवेच्या दोन्ही बाजूंचे निम्मे मिस्त्री दातात स्क्रू ड्रायव्हर धरून इंजिनावर वाकलेले दिसायला लागले. एकानं तर पुढचा दात पाडून घेतला. मी हसून हसून बेजार झालो, चाचाही हसले. पण जरा कमी हसले, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्याच सुमारास चाचींचा आवाज चढला. "खाना खाने कू आव" हे आता गॅरेजांच्या साऱ्या लाईनीला कळायचं. चाचा म्हणायचे, "म्हातारपणी बाई भांडखोर झाली." मला ते खरं वाटलं.

जळकोटचे एक शेतकरी होते. त्यांची गाडी चाचांनी येडी करून दिली. निघताना ते म्हणाले, "चाचा, टकटक येतीय वो कायतरी." चाचांनी मूठ दातात धरली, डोळे मिटले आणि नेहमीचं सर्टिफिकेट दिलं. ते गृहस्थ त्याच गाडीतून लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला सोलापूरला गेले. येताना भर उन्हात इंजिनाचा पिस्टन फुटला. दिवस भरत आलेली पोर रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून राहिली. नशीब, एका टेम्पोवाल्यानं दोघांना घरी पोचवलं आणि पोरीला काही झालं नाही.

गाडी दोरीनं ओढत परत आली. ते गृहस्थ आरडाओरडा करतील असं आम्हाला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "म्या सांगितलं होतं की चाचा, आवाज येतोय म्हणून. तुमी म्हणलात, मला काय ऐकू येत न्हाय."

चाचा गाडीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खरं तेच सांगितलं होतं."

त्या गृहस्थांना ते कळलं नाही. मला कळलं.

चाचांनी ते इंजिन पुन्हा उभं केलं. पण पंपाचं टायमिंग बसवायची वेळ आली तेव्हा हात बांधून बसले. पंप केसभर पुढं फिरला तर इंजिन ठोकतं, मागं गेला तर धूर ओकतं. त्या केसभराची सगळी मदार कानावर. "स्वामी, कान गेला," ते म्हणाले. "कधीचाच गेला. दातानं ढकललं इतके दिस. ही गाडी तुमी ऐका, मी फिरवतो. मग शटर ओढायचं."

मी म्हटलं, "चाचा, सोलापूरला कानाचे डॉक्टर आहेत. मशीन मिळतं. कानात बसवलं की झालं."

चाचा ताडकन उठले. "गाड्यांचे कम्प्युटर काढून पोत्यानं तुमाला दिले, आन् आता माझ्याच कानात बसवता व्हय? उद्या पिवळा दिवा लागंल कपाळाला!"

आम्ही दोघं हसलो, पण ते ऐकायला तयार नव्हते. मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा विचार करा. नको म्हणाले. म्हटलं, हातातल्या विद्येचा विचार करा. तरी नको. दारात चाची चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले आणि साऱ्या लाईनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गाड्यां का सुनने कू नक्को लगाव. मेरा सुनने कू लगाव. वरड वरड के मेरा गला बैठ गया!"

पलीकडच्या टायरवाल्यानंही हातातलं काम थांबवलं. चाचांनी मान खाली घालून हाताला लागलेलं ऑइल पुसलं. मग मला म्हणाले, "उद्या जायचं का, स्वामी?"

मशीन घालून ते गॅरेजमध्ये आले तेव्हा आधी मला, मग कॉम्प्रेसरला, मग हायवेवरच्या प्रत्येक ट्रकला शिव्या घालून झाल्या. "एवढा आवाज असतो इथं? आन् तुमी माणसं राहता कशी?" मग त्यांनी जळकोटची गाडी सुरू केली. पंपावर हात ठेवून, तो किंचित फिरवत ऐकत राहिले. ठोका गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मला लाज वाटली नाही, माझ्याही डोळ्यात आलं. गाडीचे मालक आले तेव्हा चाचांनी स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याच हातात दिला. "तुमी ऐका. तुमचं समाधान झालं तर न्यावा." त्या माणसानं आपलं भलं मोठं पागोटं कानावरून बाजूला सारून ऐकलं आणि चाचांचे दोन्ही हात धरले. लेकीला मुलगा झाल्याचे पेढे त्याच गाडीतून आले.

त्यानंतर चाचांनी आणखी बऱ्याच गाड्या येड्या केल्या. ग्राइंडर चालवताना ते मशीन काढून सुपारीच्या डबीत ठेवायचे. संध्याकाळी हातपाय धुतले की आरशात बघून पुन्हा घालायचे, भांग पाडल्यासारखं, अगदी मन लावून. मग मागच्या दारानं घरात जायचे. त्या घरातून नंतर कधी ओरडण्याचा आवाज आला नाही. पत्र्यापलीकडं दोघांचं बोलणं चालू आहे एवढंच समजायचं, शब्द कळत नसत.

चाचा मागच्या थंडीत गेले. छातीत दुखतं म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. गॅरेजात आता कुणीतरी सीट कव्हरचं दुकान घातलंय. येडी करायला अजूनही एखादी गाडी येते, माझ्या दारात थांबते, आणि मला सांगावं लागतं. ते सांगणं मला अजून नीट जमत नाही.

आपल्या लेकीकडं हैदराबादला राहायला जाण्याआधी चाची माझ्या दुकानात आल्या. मी एक डायनामो तपासत होतो. त्यांनी चाचांची ती सुपारीची डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. मी मोटर बंद केली.

"जिसके घर में औरत कू वरडना पड़ता," चाची म्हणाल्या, "उसकू दे देव."