कोकमाची उरलेली पुटं

कोकमाच्या सालीतलं एक द्रव्य अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींचा फैलाव मंदावू शकतं, ही बातमी मी मोबाइलवर अर्धीच वाचली आणि चपला पायात सरकवून थेट आत्याकडे पळाले. आत्याला नेमका तोच कॅन्सर होता. दोन केमो झाल्या होत्या, तिसरी परवावर आली होती. अर्ध्या माहितीवर धावायची माझी खोड जुनीच.

आत्या अंगणात आमसुलं घालत होती. डोक्याला रुमाल, हात कोपरापर्यंत लाल. साली मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या. अशी सात पुटं दिल्याशिवाय तिचं आमसूल बरणीत जात नसे. बातमी ऐकून ती खूश झाली आणि या खेपेला केमोसाठी मुंबईला जायचं नाही, असं तिने जाहीरच करून टाकलं. नाहीतरी चार पुटं बाकी होती. मे महिन्यातलं एवढं ऊन सोडून इस्पितळात कोण बसणार? औषध तर दारातच वाळत होतं.

घोळ मीच घातला होता. पायरीवर बसून उरलेली बातमी मी तिला मोठ्याने वाचून दाखवली. प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झाला होता. माणसाला त्याचा उपयोग होईल की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. आमसूल खाण्याबद्दल तर चकार शब्द नव्हता.

आत्या साली उलटत राहिली. ती माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं. मग तिने आपले लाल तळवे माझ्यासमोर धरले.

"चाळीस वरसं ह्या रसात हात हायेत माजे, बाय. आमसुलानं थांबायचा असता, तर मला झालाच नसता."

तिने हात धुतले आणि मला बॅग काढायला सांगितली. अट एकच, राहिलेली पुटं मी द्यायची.

आतेभाऊ तिला घेऊन गेला. रो-रो बोटीतून तिने एकदा फोन केला, सलाइन लावल्यावर दोनदा. दरवेळी प्रश्न तोच, साली उलटल्यास का? उलटल्या होत्या. मीठ मात्र दुप्पट पडलं.

परत आल्यावर तिने एक आमसूल तोंडात टाकलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाली, पुढच्या वर्षी शेजारी बसून शिकवीन. केमो सुरू झाल्यापासून पुढच्या वर्षाचं नाव तिने पहिल्यांदाच काढलं होतं. मला इतका आनंद झाला की ती खारट आमसुलांची अख्खी बरणी मीच घरी घेऊन आले.