अण्णांच्या गोळ्या

वडील, म्हणजे आमचे अण्णा, पोलिसात हवालदार होते. निवृत्त झाल्यावर मिरजगावला राहायला आले आणि काही वर्षांत कॅन्सर त्यांच्या हाडांत उतरला. पाठीला उशी लागली तरी ओरडायचे. मी शाळेतल्या नोकरीतून रजा घेऊन त्यांच्याजवळ राहिले होते.

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. गावातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली आणि परत सरकवली.

"ताई, हे आमी ठेवत न्हाई. नशेचं औषध हाय. तपासणी आली तर दुकानाला कुलूप."

नगरला दुकानं पालथी घातली. एकाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नक्की कुणासाठी पाहिजे?"

घरी आले तेव्हा अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"मिळाल्या?"

"उद्या पुण्याला जाते."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "गांजा कुठं मिळतो ते मला ठाऊक हाय. आणतीस का?"

मला रडू आलं. सारी नोकरी त्यांनी लोकांच्या शेतातली गांजाची झाडं उपटण्यात, पंचनामे लिहिण्यात घालवली होती.

"एका म्हाताऱ्याला मी उचललं हुतं," ते म्हणाले. "गुडघे लई दुखतात म्हणून ओढतो म्हणाला. मी हसलो हुतो. जामीन व्हायच्या आधीच आत मेला."

गांजा मी आणला नाही. भीती वाटली. त्या भीतीचा आजही राग येतो.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दोन फेऱ्या झाल्या, कागद दाखवले, सह्या केल्या, तेव्हा गोळ्या मिळाल्या. तोवर नऊ दिवस गेले होते. पहिली गोळी घेतल्यावर अण्णा दुपारभर झोपले. उठून चहा मागितला. "दुखत न्हाई गं," असं दोनदा म्हणाले. असे पाच दिवस मिळाले त्यांना.

दहावा झाल्यावर उरलेल्या गोळ्या परत करायला मी पिशवीत घातल्या. तेवढ्यात मागच्या आळीतली एक बाई दारात आली. तिच्या नवऱ्याच्या जबड्यात गाठ होती. हातात त्याच डॉक्टरांची, त्याच गोळ्यांची चिठ्ठी.

"ताई, कुठंच मिळंनात. अण्णांच्या उरल्यात का?"

दुसऱ्याला देणं गुन्हा आहे, हे हवालदाराच्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.