शिप, बोट आणि माझे सासरे

दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी गुण्यागोविंदाने शेजारी शेजारी नांदत असतील, तर त्यांच्यात भांडण लावून द्यायला माझ्या सासऱ्यांइतका लायक माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. सगळी नोकरी त्यांनी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात घालवली. तुम्हाआम्हाला दोन्ही ढीग पांढरेच दिसतात. हे चिमूटभर कापूस उचलणार, दोन अंगठ्यांमध्ये ओढून बघणार आणि एक ढीग बाजूला काढायला लावणार. रिटायर झाले, कापूस सुटला, पण चिमूट काही सुटली नाही. ती इंग्रजी शब्दांवर जाऊन बसली. इंग्रजीच का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मराठीचे तर सारे फरक मले माईत हायेत. त्याच्यात काय मजा?"

मी अमरावतीहून मुलगी बघायला गेलो तेव्हा पगार, शेती, व्यसन यांतलं अक्षरही त्यांनी विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात येते न येते तोच प्रश्न आला, "टॉल आन् हाय, याच्यात फरक काय?" माझ्या तोंडात पोहे, समोर होणारी बायको. घास कसाबसा गिळून मी म्हटलं, "दोन्ही उंचच की." "उंच तर हायेच," ते म्हणाले, "पण मानूस हाय होत नाई आन् पंखा टॉल होत नाई. काहून?" काहून ते मला आजही सांगता येणार नाही. लग्न जमलं ते निव्वळ सासूबाईंच्या कृपेने. त्या आतून ओरडल्या, "पोराले खाऊ द्या ना आधी!"

या छंदात त्यांना तोडीस तोड जोडीदार मिळाला होता, तो म्हणजे गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान असलेले चाचा. सासरे त्यांना मास्टर म्हणत, ते सासऱ्यांना भाऊ. रोज सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की सासरे घरून चहा घेऊन हजर. खेळाचा नियम असा, की डिक्शनरी उघडायची नाही, मोबाइलला विचारायचं नाही आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही मानायचं नाही. सासरे फरक काढणार आणि मास्टर तो उडवून लावणार. कॉलरमधला केसभर फरक दुरून ओळखणारा हा माणूस शब्दांच्या बाबतीत मात्र पक्का हटवादी. मशीन चालवता चालवता म्हणायचा, "भाऊ, दोनो एकच है. कायकू दिमाग खराब करते?"

एकदा शेड आणि शॅडोवरून जुंपली. मराठीत आपलं दोन्हीकडे एका सावलीवर भागतं, त्यामुळे मास्टरांची बाजू तशी भक्कम होती. पण सासरे ऐकतात होय! मे महिना, अकोल्याचं ऊन, भर दुपारी त्यांनी मास्टरांना हाताला धरून रस्त्यात उभं केलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं, "हे तुमची शॅडो. बसा बरं हिच्यात!" मास्टर खरंच बसायला गेले, तर तीही त्यांच्याबरोबर बसली. मग त्यांना निंबाखाली नेऊन सासरे म्हणाले, "आन् हे शेड." मास्टर घाम पुसत म्हणाले, "मान गया भाऊ. पहले पानी पिलाव." सासूबाईंनी दोघांना पन्हं दिलं आणि त्याच पेल्याबरोबर जे काय सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटचा वाद शिप आणि बोट यांचा. लहान ती बोट, मोठी ती शिप, इथवर एकमत झालं. पण लहानाची मोठी नेमकी कुठे होते? दोघांनीही जन्मात समुद्र पाहिलेला नाही. डोळ्यांनी बघायचं तर बघायचं कुठे, मोर्णा नदीत? वाद तसाच लटकून राहिला, आणि तेवढ्यात मास्टरांच्या डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा जाईना. त्यांचा मुलगा रत्नागिरीला बंदरावर कामाला आहे. तो आला, दुकान आवरलं आणि बापाला घेऊन गेला.

त्यानंतरचे सासरे मला बघवत नव्हते. सकाळी चहा समोर निवून जायचा. जेवण अर्ध्यावर आलं. विचारलं तर म्हणत, "उन्हानं भूक नाई लागत." तेव्हा थंडीचे दिवस होते! मास्टरची आठवण येते, एवढे तीन शब्द तोंडातून काढायला हा माणूस तयार नव्हता. फोन व्हायचे, पण फोनवर दोघंही "जेवले का?" याच्या पुढे जात नसत.

गेल्या महिन्यात अकोल्याला गेलो तर पलंगावर बॅग उघडी. हा गृहस्थ लेकीकडे अमरावतीलाही कधी मुक्काम करत नाही, संध्याकाळच्या गाडीने परत फिरतो. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "पाहा तुमच्या सासऱ्याले! रत्नागिरीले चालले म्हने. बोट पाहाले!" झालं होतं असं, की मास्टरांनी फोनवर सांगितलं होतं, "रोज दिखते भाऊ दोनो, धुंधले धुंधले. मैं तो बोलता, एकच है. नहीं मानते तो खुद आके देखो."

या वयात एवढा प्रवास, तोही एकट्याने! त्यांची दगदग वाचावी म्हणून मी खिशातून मोबाइल काढला, विचारलं आणि दोन मिनिटांत उत्तर हजर. "बाबा, कशाला जाता? हे बघा, सगळं लिहिलंय इथे. शिप म्हणजे..."

त्यांनी झटकन माझ्या मोबाइलवर हात ठेवला. एरवी मला प्रश्न विचारून हैराण करणारा हा माणूस पहिल्यांदाच माझ्याकडे अजिजीने बघत होता.

"नका सांगू ना, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "समजलं, तर मंग मी तिकडे जाऊ कायले?"