डॉक्टर येत आहेत

"मॅडम, तुमचं मशिन चालू हाय का बंद?"

दुपारचे अडीच वाजले होते. फोनवर इंदापूर तालुक्यातल्या, नीरेच्या काठावरच्या एका गावाच्या दूध संकलन केंद्राचे सचिव होते. नाव भगवानराव, पण सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी समोरच्या मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं. सगळे चौकोन हिरवे होते.

"चालू आहे, तात्या. सकाळपासून एक मिनिटही बंद पडलेलं नाही."

"मग डॉक्टर का आला न्हाय? आमच्या मंदाकाकूची गाय अडलीया. साडेदहापास्नं."

"कॉल नोंदवला होता का?"

"व्हय तर. मेसेज बी आलाय. डॉक्टर येत आहेत, म्हणून."

"मग ते वाटेत असतील. थोडी वाट बघा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

या वाक्याची मला आजही लाज वाटते. मी गोठ्याच्या वासात वाढलेली बाई आहे. माझं माहेर कऱ्हाटीचं. अडलेल्या गाईला चार तास म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण माझी नजर स्क्रीनवर होती आणि स्क्रीन हिरवी होती.

माझं काम काय, ते आधी सांगते. बारामतीच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. दूध संघ, बियाण्यांचे व्यापारी, दोन-तीन पतसंस्था यांची सॉफ्टवेअर चालू आहेत की नाहीत, यावर आम्ही लक्ष ठेवतो. याला मॉनिटरिंग म्हणतात. सॉफ्टवेअर महिन्यातला किती वेळ वापरता आलं, त्याच्या टक्केवारीला अव्हेलेबिलिटी. महिन्याच्या शेवटी मी त्याचा रिपोर्ट काढते. आमच्या दूध संघाच्या रिपोर्टवर बरेच महिने शंभर टक्के येत होतं आणि त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू?

त्या संघाची जनावरांच्या डॉक्टरांसाठी एक सिस्टिम आहे. सभासदानं एका नंबरवर फोन लावायचा आणि एक दाबायचं. कोणत्या गावातून कुणाचा फोन आला, ते सिस्टिम ओळखते. त्या भागाच्या डॉक्टरांना मेसेज जातो आणि सभासदालाही मेसेज येतो: 'आपला कॉल नोंदवला आहे. डॉक्टर येत आहेत.'

आता हे सगळं चालतंय हे मला बारामतीत बसून कसं कळणार? त्यासाठी मी एक खोटी शेतकरीण तयार केली होती. खोटं गाव, खोटा सभासद क्रमांक, खोटी गाय. दर पंधरा मिनिटांनी सिस्टिम आपणहून त्या बाईच्या नावानं कॉल लावायची. कॉल नोंदला गेला, डॉक्टर ठरला, की माझा चौकोन हिरवा. मध्ये कुठं अडकला, की लाल आणि माझ्या फोनची घंटी. पद्धत चांगली आहे. मोठमोठ्या कंपन्यांत असंच करतात.

सुरुवातीला ते खोटे कॉल डॉक्टरांच्या फोनपर्यंत जायचे. डॉक्टर वैतागले. एक जण खरोखरच त्या नसलेल्या गावाचा रस्ता विचारत फिरून आले. मग आमच्या गायकवाड सरांनी, म्हणजे माझ्या बॉसनी, मला बोलावलं. "डॉक्टर लोकांना त्रास देऊ नका. शेवटचा मेसेज तेवढा वगळा." मलाही ते पटलं. खोटा कॉल आता डॉक्टरांच्या नावापर्यंत जायचा आणि तिथंच थांबायचा. सगळी वाट तपासून मी उंबऱ्यापाशी परत फिरत होते.

तात्यांचा फोन ठेवल्यावर दहाएक मिनिटं गेली. मन स्वस्थ बसेना. मी त्या भागाच्या डॉ. खरातांना थेट फोन लावला. तरुण माणूस, कामाला चोख.

"डॉक्टर, मंदाकाकूंच्या गाईचं काय झालं?"

"कुठल्या मंदाकाकू?"

"तुम्हाला कॉल आला नाही?"

"मॅडम, आज सकाळपासून एकही कॉल नाही. म्हटलं, बरंय, एक दिवस तरी निवांत मिळाला."

ते तिथून सहा किलोमीटरवर होते. सकाळपासून सहाच किलोमीटरवर. काय झालंय ते मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही, गाडीला किक मारल्याचा आवाज आला.

मग मी कारण शोधायला बसले. फार शोधावं लागलं नाही, कारण ते मीच केलं होतं.

आठवड्यापूर्वी संघाच्या बैठकीत एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तक्रार केली होती, की मेसेजची भाषा हुकूम सोडल्यासारखी आहे. 'कॉल आहे, तातडीने जावे.' आम्ही काय गडी आहोत का? तक्रार रास्त होती. गायकवाड सर म्हणाले, सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' घाला. त्या दिवशी सकाळी दहा वाजता मी ते घातलं. दोन मिनिटांचं काम. मग नियमाप्रमाणं तपासूनही पाहिलं. खोट्या बाईचा खोटा कॉल लावला. हिरवा. मी चहा प्यायला गेले.

मेसेज पोचवणाऱ्या कंपन्यांचा एक नियम असतो. मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकुरापेक्षा वेगळा मजकूर आला, तर तो पुढं जात नाही. आमचा 'सप्रेम नमस्कार' मंजूर करून घेतलेला नव्हता. त्यामुळं दहा वाजल्यापासून डॉक्टरांचा प्रत्येक मेसेज वाटेतच टाकून दिला जात होता. सभासदांच्या मेसेजला मी हात लावला नव्हता. तो बिनचूक पोचत होता: डॉक्टर येत आहेत.

मी नमस्कार काढून टाकला. तीन वाजता मेसेज सुरू झाले. मधले अडकलेले सगळे कॉल मी एकेक करून डॉक्टरांना फोनवरून सांगितले. कुणाची शेळी चारा खात नव्हती, कुणाच्या म्हशीला ताप होता. त्यात जिवाशी गाठ असलेला कॉल एकच होता.

संध्याकाळी डॉ. खरातांचा फोन आला. "वासरू मेलेलं निघालं. मान मागं मुडपलेली होती. अकरा-साडेअकराला पोचलो असतो, तर सरळ करून काढलं असतं."

"आणि गाय?"

"गाय आहे. पण उठत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि गेले. गायकवाड सर म्हणाले होते, "तुम्ही कशाला जाता? आपण लेखी कळवू." पण लेखी काय कळवणार होतो?

मंदाकाकू पन्नाशीच्या पुढच्या. दोन गाई आणि एक कालवड, गोठा आरशासारखा स्वच्छ. अडलेल्या गाईचं नाव काबरी. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, थोराड, तिसरं वेत. ती पोत्यांच्या थरावर बसली होती. मान वर होती, डोळे टवटवीत होते, पुढ्यातली वैरणही खात होती. मागचे पाय मात्र तिचे नव्हतेच. उठायचा जोर करायची, पुढून अर्धी उठायची आणि परत खाली यायची. खरातांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की वासरू फार वेळ अडकून राहिलं की आतल्या शिरेवर दाब येतो आणि पायातली ताकद जाते. कधी दोन-तीन दिवसांत परत येते, कधी येत नाही. दर चार तासांनी कूस बदलत राहायचं, एवढंच हातात.

मी काकूंच्या पुढ्यात बसले.

त्यांनीच मोबाईल पुढं केला. "हे बग. हितं काय लिवलंय?"

"डॉक्टर येत आहेत."

"कुणी लिवलं?"

"मी."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं बघत होत्या असंही नाही. मला राग चालला असता.

"बाया सांगत हुत्या, परत फोन लाव म्हणून. म्या म्हणलं, सायेब निगालं असत्याल. एकदा निरोप दिला की सारखं सारखं फोन करणं बरं दिसत न्हाय. पान्याची मोट फुटली तरी म्या दाराकडंच बगत हुती. शेजारच्या गावात दुसरा डॉक्टर हाय, खाजगी. अर्ध्या तासात आला असता त्यो."

"चुकलं माझं, काकू."

"चुकतं गं. माणूस हाय, चुकायचंच. पर तुला ठावं न्हवतं, तर 'ठावं न्हाय' असं लिवायचं. म्या दुसरी वाट धरली असती."

पंचवीस वर्षं मी या धंद्यात आहे. पुण्यात मोठ्या कंपन्यांची ट्रेनिंग घेतली, सर्टिफिकेटं भिंतीवर लावली. त्यातल्या एकातही हे एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी कूस बदलायला मीही हात लावला. तात्या, खरात, काकू आणि मी. काबरी जड होती. वळवताना तिनं काकूंचा हात चाटला आणि काकू म्हणाल्या, "व्हय बाई, व्हय." मला तिथं थांबवेना. मी गोठ्याबाहेर येऊन रडले.

तिसऱ्या दिवशी पहाटे काबरी गेली. तात्यांनी कळवलं. 'मंदाकाकूची गाय गेली.' आणखी एक शब्दही त्यात नव्हता.

नंतर मी रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करत होते. या प्रकरणात उद्धट कुणीच वागलं नव्हतं. डॉक्टरांना त्रास नको म्हणून आम्ही खोटा कॉल उंबऱ्याशी थांबवला. डॉक्टरांचा मान राहावा म्हणून नमस्कार घातला. दुसऱ्यांदा फोन करणं बरं दिसत नाही म्हणून काकू गप्प बसल्या. कॉल का येत नाहीत, असं खरातांनी विचारलं नाही, कारण काम नाही अशी तक्रार कोण करतं? सगळ्यांनी रीत पाळली. माझ्या हातून तर आमचा तपासणीचा नियमही मोडला नव्हता, म्हणून तर जास्त भीती वाटते.

मी तीन बदल मागितले. खोटा कॉल आता दिवसातून दोन-चारदा डॉक्टरांच्या फोनपर्यंत जाणार आणि त्यांनी बटण दाबून तो पोचल्याचं सांगायचं. 'डॉक्टर येत आहेत' हा मेसेज डॉक्टरांनी कॉल घेतल्याशिवाय कुणालाही जाणार नाही. आणि वीस मिनिटांत कुणी कॉल घेतला नाही, तर सभासदाला मेसेज जाणार: 'डॉक्टरांपर्यंत निरोप पोचलेला नाही. कृपया दुसरी सोय करा.'

तिसऱ्यावर गायकवाड सर अडले. "अहो, स्वतःच्या तोंडानं कोण सांगतं, आमचं पोचलं नाही म्हणून? संघ आपल्याला काढून टाकेल."

"सर, मग त्या मेसेजखाली तुमचा नंबर घालते. ज्याची गाय अडेल, त्याला तुम्ही सांगा."

त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "करा."

पहिल्या बदलाला डॉक्टरांचा विरोध होणार हे ठरलेलं होतं. तो झालाही. तेव्हा बैठकीत खरात उठले. "दिवसातून दोन-चारदा फोन वाजला तर आपण काही मरत नाही," ते म्हणाले आणि खाली बसले. बदल मंजूर झाला.

त्या महिन्याच्या रिपोर्टचाही वाद झाला. सर्व्हर एक मिनिटही बंद नव्हता, म्हणजे नियमानं शंभर टक्केच लिहायला हवं, असं सरांचं म्हणणं. मी दहा ते तीन, पाच तास बंद, असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'मजकूर मंजुरी न घेता बदलला' आणि पुढं माझं नाव. परिणामाच्या रकान्यात 'एक गाय व एक वासरू दगावले'. सरांनी वाचलं आणि सही केली.

आता आमची स्क्रीन पूर्वीसारखी हिरवीगार नसते. कधी डॉक्टरांचा फोन रेंजमध्ये नसतो, कधी चार्जिंग संपलेलं असतं, कधी ते दुसऱ्या गोठ्यात खांद्यापर्यंत हात घालून बसलेले असतात. तितक्या वेळा चौकोन लाल होतो. तितक्या वेळा कुणीतरी शेतकरी दुसरा डॉक्टर बोलावतो. मंदाकाकू मात्र आता आमच्या नंबरवर फोन करत नाहीत. त्या खरातांना थेट लावतात आणि तेवढ्यावर न थांबता दर दहा मिनिटांनी परत लावतात. मी त्यांना सिस्टिम सुधारल्याचं सांगायला गेले नाही. तो विश्वास परत मागायचा हक्क मला नाही.

परवा संघाच्या आढावा बैठकीत एका संचालकांनी चष्मा वर करून माझा रिपोर्ट पाहिला.

"मॅडम, पूर्वी शंभर टक्के असायचं. आता हे सत्त्याण्णव, शहाण्णव. सिस्टिम बिघडत चाललीय का?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "पूर्वीही एवढंच होतं, आम्ही मोजत नव्हतो. काबरी अडली होती तेव्हा आमच्या स्क्रीनवर शंभर होतं."