रेवाळेकाकूंच्या तोंडाचं कुलूप

दिवेलागणीला रेवाळेकाकू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत यायच्या, पदर खोचायच्या आणि हाक मारायच्या, "सयेऽऽ! ओंकाऽऽर! भाकरी निवली गोऽऽ!" त्या हाकेने आमच्या सिल्व्हर पार्क सोसायटीतली कबुतरं एकदम उडायची. खालून माझी पाच वर्षांची सई रोज एकच उत्तर द्यायची, "पाच मिनिटंऽऽ!" तिला घड्याळ कळत नव्हतं. काकूही घड्याळ बघत नसत. आत जाऊन आणखी एक भाकरी थापायच्या आणि परत बाहेर यायच्या.

ही गोष्ट दोन हजार एक-दोन सालातली. दादरची जागा सोडून आम्ही नुकतेच मीरा रोडला आलो होतो. मी फोर्टातल्या ऑफिसातून घरी पोचेपर्यंत आठ वाजायचे, तोवर सई आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ ओंकार काकूंच्या ताब्यात. काकू रत्नागिरीकडच्या. नवरा वारलेला, मुलगा दुबईला. अख्ख्या बिल्डिंगची मुलं त्यांच्या ओट्यापाशी वाढत होती, आणि मला काय खटकावं, तर ती हाक! मी त्या काळी इंग्रजी मासिकं घ्यायचे. वाचायचे नाही, चित्रं बघायचे. पण अशा घरातल्या मुलांना भाकरीसाठी असं बोंबलून बोलवावं? सेक्रेटरींकडे मी तक्रारही केली होती. ते म्हणाले, "वहिनी, त्या हाकेवर माझी मुलंपण घरी येतात."

मे महिन्यात आम्ही चार कुटुंबांनी खाडीपलीकडच्या थीम पार्कला जायचं ठरवलं. अर्थात ठरवलं मी. माझ्या हॉलमध्ये रीतसर मीटिंग झाली. मोबाइल एकट्या सेक्रेटरींकडे, ते येणार नव्हते. मुलं हरवू नयेत म्हणून मी शक्कल काढली होती, सगळ्यांना एकसारखे पिवळेधमक टी-शर्ट. भाईंदरच्या बाजारातून आणले. दुकानदार म्हणाला होता, "एक्स्क्लुझिव्ह पीस है, मॅडम." माझ्यासारखी शहाणी गिऱ्हाइकं त्याला रोज मिळत नसणार.

काकूंनी टी-शर्ट बोटांनी चाचपून बघितला. "रंग झ्याक आहे. पण पोरगं डोळ्यांनी शोधू नये गो, हाकेनं शोधावं."

"काकू, तिथे हाका नकोत हं," मी म्हणाले. "लोक बघतात. ओरडणार नाही असं कबूल करत असाल, तरच चला."

माझे यजमान पंख्याकडे बघायला लागले. काकूंनी ओठांवर बोट फिरवून कुलूप लावल्यासारखं केलं. "बरं बाय. हे घातलं. किल्ली तुझ्याकडे."

पार्कच्या फाटकातून आत शिरलो आणि मी थांबलेच. कुठल्याशा क्लासची सहल आली होती. शंभरेक मुलं. सगळी पिवळी. तोच टी-शर्ट, तीच कॉलर. यजमान हळूच म्हणाले, "एक्स्क्लुझिव्ह!" मी त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही.

जेवणानंतर सतरंजी झटकली, मुलं मोजली. सई नव्हती.

ओंकार म्हणाला, "आत्ता इथेच होती." यजमान होड्यांच्या तळ्याकडे धावले. मी दिसेल त्या पिवळ्या खांद्याला धरून वळवत सुटले. एक बाई माझ्या अंगावर ओरडली, "अहो सोडा, माझा मुलगा आहे तो!" अनाउन्समेंटच्या खोलीत गेले. तिथल्या पोऱ्याने माइकवर सांगितलं, "सई नाम की बच्ची, उमर पाँच साल, पीली टी-शर्ट..." आणि सांगता सांगता खिडकीतून बाहेर बघून तो थांबला. बाहेर सगळं पिवळंच होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तळ्याकडून यजमान नुसते हात हलवत परत येताना दिसले.

काकू माझ्या मागेच होत्या. ओठ घट्ट मिटलेले. मी त्यांच्यावरच उसळले, "नुसत्या उभ्या काय राहिलात? काहीतरी करा ना!"

"कुलूप तू घातलंयस," त्या म्हणाल्या. "काढू काय गो?"

मी मान हलवली.

काकूंनी पोऱ्याला कोपराने बाजूला सारलं. "आंटी, अलाऊड नहीं है!" तो म्हणाला. "अलावड मी करत्ये, हो तिकडे," म्हणत त्यांनी पदर खोचला आणि माइक तोंडाशी ओढला. "सयेऽऽ! भाकरी निवली गोऽऽ!"

भोंगे किंचाळले. पार्कातलं गाणं मधेच बंद पडलं. माणसं जागच्या जागी थबकली. काहीच नाही. काकूंनी पुन्हा श्वास भरला. या वेळी आवाज चिरकला, "सयेऽऽ..."

आणि झुकझुक गाडीच्या रांगेतून, त्या पिवळ्या क्लासच्या मधोमध, तक्रारीच्या सुरात उत्तर आलं, "पाच मिनिटंऽऽ!"

मी सईच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिच्याहून मोठ्याने रडले. त्या पार्कात त्या दिवशी लोकांनी कोणाकडे बघितलं असेल, तर माझ्याकडे. काकू सिमेंटच्या पायरीवर बसल्या होत्या. "पाय गेले गो माझे," म्हणाल्या. मी पाणी दिलं. ग्लास दोन्ही हातांत धरून पुटपुटल्या, "आज उत्तर आलं नसतं, तर उद्या गॅलरीत कशी आले असते मी?"

पुढे मुलगा दुबईहून परतला आणि त्याने त्यांना गावी नेलं. काही वर्षांनी तिथेच गेल्या. फोन आला त्या संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. सई नोकरीला बंगलोरला होती, हाक कोणाला मारणार? उगाच दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा झटकले आणि आत आले.

आता सईची जुई चार वर्षांची आहे. मागच्या सुट्टीत आली तेव्हा रोज खाली खेळायची आणि दिवेलागणीला मी पदर खोचायचे. माझ्या घशात काकूंची ताकद नाही, पण कबुतरं उडतात. तिसऱ्याच दिवशी नवा सेक्रेटरी दारात.

"आजी, आवाजाची तक्रार आलीय. दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आल्यात. दोन लहान मुलं आहेत, मॅडम ऑफिसला जातात."

मला इतकं हसू आलं की तो बिचारा घाबरला.

"सांग तिला," मी म्हणाले, "यायला उशीर होत असेल तर पोरं माझ्याकडे सोड म्हणावं. गरम भाकरी मिळेल. हाक मात्र ऐकावी लागेल."