कातरीनं कापलेलं कांकण

बुधाजी म्हात्र्याच्या भाविकेला हलद लागली ती दोन हजार सहाच्या जानेवारीत, आणि नवरा मात्र कुठेच नव्हता.

आमच्याकडे हळदीला हलद म्हणतात. इथं खरवई गावात नव्या बिल्डिंगींत राहायला आलेली मंडळी या शब्दाला हसतात, आणि बेंजो वाजायला लागला की नाचायला पहिली तीच येतात. लगीन आमच्यात दुपारच्या जेवणाआधी आटपतं. हलद सगळ्या गावाची. ती एकदा अंगाला लागली, मनगटाला कांकण बांधलं, की पोरगी अर्धी त्या घरची झाली. लग्नानंतर नवरा-नवरीनं एकमेकांचं कांकण एका हातानं सोडायचं, तेव्हा काम पुरं होतं.

भाविका तेव्हा वीस वर्षांची. उल्हासनगरात कॅम्प पाचला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. दिवसभर निळ्या पँटी मांडीवर घ्यायच्या आणि शिवणीतून लोंबणारे धागे कातरायचे. संध्याकाळी नखं निळी, नाक शिंकरलं तरी निळं. डोक्यात मात्र पिक्चर. नाचायला उभी राहिली की म्हाताऱ्या बायासुद्धा पानाचा तोबरा गालात तसाच ठेवून बघत बसायच्या. गावात तिला हिरवीन म्हणत, आणि चिडवतायत की खरं म्हणतायत हे ती कधी विचारत नसे. दोनदा अंधेरीला जाऊन आली होती फोटो द्यायला. पाच वाजेपर्यंत जिन्यावर बसल्यावर एका शिपायानं फोटो घेतला आणि टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात टाकला. खोक्यात तिच्यासारख्या शेकडो पोरी पालथ्या पडल्या होत्या. ही तिनं स्वतःच सांगितलेली गोष्ट.

मग जयदेव शेठ भेटला. उल्हासनगरात त्याचा स्टुडिओ. लग्नाच्या कॅसेटी काढता काढता तो आता आगरी गाण्यांच्या व्हीसीडी काढायला लागला होता. कारखान्यातल्या एका बाईच्या लग्नात त्यानं भाविकेला नाचताना पाहिलं. म्हणाला, “देख बेटी, पिक्चरवाले आजकाल अल्बममधूनच मुली उचलतात. कव्हर पे तेरा फोटो.” तेवढं पुरे झालं.

शूटिंग बुधाजीच्याच अंगणात ठरलं. शेठचा मांडवाचा आणि माणसांचा खर्च वाचला, आणि बुधाजीला गावात मान मिळाला. शेठनं बायकांना एकच बजावलं, की नाटकी काही नको, तुमच्यात होतं तसंच सगळं असली करायचं. आपण काय मागतोय हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि खोटी हलद कशी लावतात हे आमच्या बायांना ठाऊक नव्हतं.

वेणूबाई आमची धवलारीण. भटजी आमच्यात मागाहून आला. आमची लग्नं मूळची धवलारणीच्या तोंडून लागतात. ती धवले गाते, त्यात देवांना बोलावते, नवरा-नवरीचं नाव, बापाचं नाव, गाव, कूळ सगळं गुंफते. सत्तरीची बाई. शेठनं नवरा म्हणून आणून पाटावर बसवलेल्या हिरोला तिनं नाव विचारलं. अंबरनाथचा कल्पेश. बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. पोरानं सगळं खरं सांगितलं. मग तिनं धवला धरला, घरच्या देवांना हाक घातली, पाच सवाष्णींनी हलद लावली आणि दोघांच्या मनगटांना कांकणं बांधली. अंजना, म्हणजे भाविकेची आई, पदरानं डोळे पुसत होती. शेठ तीनदा “फिर से” म्हणाला. तीनदा हलद लागली.

ऊन उतरलं तसं पॅकअप झालं. वेणूबाई आत च्या प्यायला गेली होती. तेवढ्यात शेठच्या माणसानं कातर घेतली, दोघांची कांकणं कचाकच कापली आणि पुढच्या शूटिंगला लागतील म्हणून मुंडावळ्यांसोबत खोक्यात टाकली. वेणूबाई बाहेर आली, दोन रिकामी मनगटं बघितली, आणि कांकण कुणी सोरला, कुणी सोडलं, एवढंच विचारलं. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे टेम्पोत लाइटी चढवत होते.

शिमग्याला व्हीसीडी आली. कव्हरवर मुंबईची कुणीतरी पोरगी, ओठ रंगवलेले, डोक्यावर मासळीची पाटी, तीही कोरी करकरीत. भाविका आत सापडते, चौथ्या गाण्यात. तोंडभर हलद, डोळ्यांवर मुंडावळ्या, मान खाली. वेणूबाईचा आवाज काढून टाकून वर कीबोर्ड घातलेला. अंजनानं तीन व्हीसीडी घेतल्या आणि पाहुण्यांना टीव्हीजवळ नेऊन बोट लावून दाखवायची, ही आमची. भाविका शेठकडे गेली. तो म्हणाला कव्हर कंपनीवाले बनवतात, पुढच्या अल्बमात बघू. पुढच्या अल्बमात तिला मागच्या रांगेत कळशी घेऊन उभी केली. तिथून ती दुपारीच उठून कारखान्यात गेली आणि राहिलेल्या पँटींचे धागे कापून आली.

पिक्चरवाल्यांनी कुणी तिला ओळखलं नाही. सोयरिकीवाल्यांनी ओळखलं.

बारवी धरणाकडच्या पाड्यावरून सुदाम बघायला आला. अंबरनाथला कंपनीत कामाला, बोलायला कमी, भाविकेला आवडला. त्याच्या आईनं पोहे खाल्ले, घर बघितलं, पोरीचे हात बघितले आणि बशी खाली ठेवून म्हणाली, “पोरगी झ्याक हाय. पन तिचा कांकण कोनी सोरला?”

बुधाजीनं शूटिंग, शेठ, कातर असं सगळं सांगून पाहिलं. बाईनं ऐकून घेतलं आणि चप्पल घातली. पुढे आणखी दोन स्थळं अशीच गेली. शूटिंगच्या दिवशी मिशीला पीळ देऊन खुर्चीत बसलेला बुधाजी आता पोरीशी बोलेनासा झाला. तिचं ताट पुढे आलं की हा उठायचा.

भाविका वेणूबाईच्या ओटीवर जाऊन भांडली. म्हणाली, “वेणूआय, मी काय लगीन नाय केला. काम केलाय, काम. पैशे घेऊन.”

वेणूबाई तांदूळ पाखडत होती. “तू काम केलास बाय. मी नाय केला. मी धवला बोलले. देव आलते तुज्या मांडवान, त्यांना काय सांगू, कॅमेरा होता म्हनून?”

“मंग मी काय कराचा?”

“त्या पोराला आन. पाटावर बसव. मी परत कांकना बांधतंय, एकमेकांची सोरा आनि मोकली व्हा. तो आला नाय तं तू त्याचीच.”

इकडे सुदामनं निरोप धाडला, की आईला पुढच्या शिमग्यापर्यंत थांबवून धरतो, तोवर काय ते निस्तरा. भाविकेनं एक दिवस दांडी मारली आणि कल्पेशला शोधत अंबरनाथ पालथं घातलं.

कल्पेश तीनचाकी टेम्पोतून पाण्याचे जार टाकायचा. केस खांद्यापर्यंत. टेम्पोच्या काचेपाशी तीच व्हीसीडी ठेवलेली, आणि कव्हरवरच्या त्या मुंबईच्या पोरीच्या तोंडावर त्यानं स्वतःचा पासपोर्ट फोटो चिकटवलेला. भाविकेला बघून खूश झाला. तिनं कांकणाचं सांगितलं तशी खुशी उतरली.

“अगं, माझी लाइन वेगळी आहे,” तो म्हणाला. “असल्या विधीबिधीला बसलो आणि कोणी बघितलं तर इमेज जाते. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत माझी.” जार खांद्यावर चढवून तो निघाला, आणि जिन्यावरून मागे वळून म्हणाला, “शूटिंग असेल तर सांग. शूटिंगला केव्हाही.”

ती चार-पाच वेळा गेली. एकदा अंजनालाही घेऊन गेली. हातापाया पडून झालं, शिव्या देऊन झालं. गडी दर वेळी कुठल्यातरी बोलण्यांचं सांगायचा आणि टेम्पोला किक मारायचा. दिवाळी गेली, थंडी गेली. शिमगा पंधरा दिवसांवर आला तेव्हा तिनं नाक्यावरच्या डब्यावरून त्याला फोन लावला.

“शूटिंग हाय,” म्हणाली.

त्यानं रोल विचारला. नवऱ्याचाच, ती म्हणाली, दुसरा भाग काढतायत.

गुरुवारी दुपारी गडी हजर. भाड्याची शेरवानी, पांढरे बूट, तोंडाला पावडर. अंगणात पाट मांडलेला, पाच बाया, वेणूबाई, आणि ओट्यावर पाठ फिरवून बसलेला बुधाजी. कल्पेश चारी बाजूंना बघायला लागला. भाविका त्याच्या बाजूला बसली आणि हळूच म्हणाली, “कॅमेरा त्या बिल्डिंगीवर हाय. चवथ्या माल्यावर. लांबून घेतायत, मोठ्या लेन्सनी. वर बघू नको. बघितलास तं परत कराय लागल.”

शेजारी बांधकाम चाललं होतं. चौथ्या मजल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या वाळत होत्या.

कल्पेशनं मान ताठ केली, हनुवटी जराशी त्या बाजूला वळवली आणि सुरू झाला. वेणूबाईनं धवला धरला तसे त्याचे डोळे भरून आले. कांकण बांधताना त्यानं ओठ दाताखाली घेतले. सोडायची वेळ आली तेव्हा एका हातानं गाठ उकलेना, वेणूबाईनं ओल्या दोऱ्याची पक्की मारलेली. तो घाई करेना. बोटांनी दोरा चाचपत होता आणि तोंडानं हसत होता, रडवेलं, गोड, बिल्डिंगीकडे. अंजनानं दोनदा त्या बाजूला बघितलं. शेजारणीला विचारलं, “यो कोनाकडं बघून हसतंय?”

भाविका मनगट पुढे धरून बसली होती. घाम तिच्या कानामागून खाली येत होता. गाठ सुटली. त्याचं कांकण तिनं एका हिसक्यात सोडलं. वेणूबाईनं दोघांच्या हातांवर पाणी ओतलं आणि, झाला, म्हणून पाटावरून उठवलं. बुधाजी ओट्यावरून उतरला आणि पोरीला म्हणाला, जेवाला वाढ त्याला. वर्षभरात तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

कल्पेश तांदळाची भाकर आणि सुकट दाबून जेवला. हात धुताना भाविकेला म्हणाला, “मध्ये कट बोलले नाहीत कोणी. एकाच टेकमध्ये ओके?”

“एकाच टेकमदी.”

“मला वाटलंच. आतून येत होतं आज.” मग जरा जवळ आला. “या वेळी कव्हरवर माझा फोटो पाहिजे. तू शेठला आधीच सांगून ठेव.”

तिनं मान हलवली. तो शेरवानी वर धरून, बूट मळू नयेत म्हणून दगडांवर पाय देत गेला.

वैशाखात सुदामशी लगीन झालं. धरणाकडे तिला भात लावायची सवय नव्हती, ती झाली. धागे कापायचं सुटलं. पिक्चरचं ती बोलत नाही, आणि कुणी हलदीत नाचायला ओढलं तर नाचून येते.

कल्पेश बुधाजीच्या घरी फोन करायचा. पहिल्यांदा आठवड्याला, मग महिन्याला. आवाज नेहमी उत्साहाचा. अंजनाला सगळं कळलं ते अशाच एका फोनवर. तिनं त्याला सांगितलं, पोरीचा लगीन झाला, ती गेली तिच्या घरी. तिकडून तो म्हणाला, बरं झालं, छान, पण अल्बम कधी येतोय?

त्या पावसाळ्यात भाविका माहेरी आली असताना फोन वाजला. अंजनानं उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर तिच्याकडे धरला. म्हणाली, “तूच सांग त्याला काय त्या. मना नाय आता बोलवत.”

भाविका उठली, मोरीत गेली आणि घासून ठेवलेली भांडी परत नळाखाली धरून बसली. अंजनानं रिसीव्हर परत कानाला लावला.